जांभ्यावरचा काळा थर: धुवायचा की राहू द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा. राजापूर तालुक्यातलं जांभ्याचं चिरेबंदी घर, आजोबांनी बांधलेलं. दर पावसाळ्यानंतर पश्चिमेची आणि उत्तरेची भिंत काळी पडते. गवंडी म्हणतो की हा काळा बुरा दगड खातो, ॲसिड मारून साफ करू आणि वरून प्लास्टिक पेंट देऊ. जोत्याजवळचे चार-पाच चिरे खरंच भुसभुशीत झालेत, त्यामुळे त्याचं म्हणणं घरच्यांना पटलंय. जोडीला दुसरा प्रश्न: घरामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या जांभ्याच्या पठारावर, एक कातळशिल्प आहे, गावातली मुलं ते तारेच्या ब्रशने घासून उजळ करायचं म्हणतायत. करू द्यावं का?

उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं लांबणार आहे. ॲसिड नको, प्लास्टिक पेंट नको, तारेचा ब्रश तर मुळीच नको. भिंतीवरचा काळा थर जिवंत आहे हे गवंड्याचं म्हणणं बरोबर. तो दगड खातोय, हे जांभ्याच्या बाबतीत जवळपास चूक. आणि जोत्याजवळचे चिरे ज्याने खाल्ले तो वेगळाच आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

दगडांवरचे जीवाणू बघण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली, त्यातली निम्मी कोकणात. हा प्रश्न मला दर ऑक्टोबरात कुणीतरी विचारतंच. म्हणून या वेळी सगळं एकदाच सविस्तर लिहितोय.

आधी ते काळं काय आहे ते बघू. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. साधी पारदर्शक चिकटपट्टी घ्या, काळ्या भागावर हलक्या हाताने दाबा, उचला आणि काचपट्टीवर चिकटवा. दगडाला इजा न करता नमुना घ्यायची ही पद्धत जुन्या वास्तूंची देखभाल करणारेही वापरतात. मग शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली, ४०० पट मोठं करून बघा. काजळीसारखा पसारा दिसेल असं वाटत असतं. प्रत्यक्षात दिसतात ते गोल पेशींचे झुबके: दोन-दोन, चार-चार पेशी एका पारदर्शक कवचात, ते कवच आणखी एका कवचात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं. हा ग्लिओकॅप्सा. मधूनमधून तपकिरी नळ्यांमध्ये बसलेले धागे दिसतात. धागा मध्येच तुटतो आणि नळीच्या बाजूने बाहेर डोकावतो, फांदी फुटल्यासारखा. तो सायटोनिमा. कोकणातल्या भिंतींवर मला सगळ्यात जास्त भेटलेली ही दोन मंडळी. पुस्तकात यांना नील-हरित शैवाल म्हणायचे. शैवाल हे नाव आता सुटलंय, कारण हे जीवाणूच आहेत, सूर्यप्रकाशावर जगणारे.

मग निळे-हिरवे असून काळे का दिसतात? कारण उघड्या भिंतीवर ऊन फार. सायटोनिमा आपल्या नळीत पिवळट-तपकिरी रंगद्रव्य भरतो, त्याचं नावच सायटोनेमिन. ते अतिनील किरण शोषून घेतं. आत पेशी हिरवीगार, बाहेर काळी छत्री. ग्लिओकॅप्साच्या कवचातलं रंगद्रव्य आणखी मजेशीर आहे: आम्लात लालसर, अल्कलीत निळसर. त्यामुळे एकच जात जांभ्यावर तांबूस-जांभळी दिसू शकते आणि चुन्याच्या दर्जेवर, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यावर, निळी. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा दोन वेगळ्या जाती समजून वहीत दोन नावं लिहिली होती. सर हसले होते.

भिंतीवर काळ्याशिवाय दुसरे रंगही असतील, त्यांची गल्लत करू नका. नारिंगी-केशरी, मखमलीसारखं दिसतं ते ट्रेंटेपोलिया. हे खरोखरचं हिरवं शैवाल, पण गाजरासारख्या रंगद्रव्यामुळे हिरवेपणा झाकला जातो. माडाच्या बुंध्यावरही तेच असतं. राखाडी-पांढरे, कडा असलेले चट्टे म्हणजे दगडफूल. गोड्या मसाल्यात घालतो त्याचंच भाऊबंद. बुरशी आणि शैवाल, किंवा बुरशी आणि नील-हरित जीवाणू, यांचा तो संसार. आणि जोत्याजवळ पांढरी, बोटाला लागणारी, जिभेला खारट-कडसर लागणारी भुकटी असेल तर ती जिवंत नाही, तो लोणा. हा शेवटचा लक्षात ठेवा.

आता एक गोष्ट मे महिन्यात स्वतः करून बघा. भर उन्हाळ्यात भिंतीचा काळा तुकडा बोटाने कुस्करला तर कोळशाच्या पुडीसारखा कोरडा लागतो. त्यावर पाण्याचा हलका फवारा मारा आणि चहा पिऊन या. परत याल तोवर तो फुगलेला, मऊ आणि काळ्यावर हिरवट झाक मारणारा झालेला असेल. आठ महिने पाण्याचा थेंब न मिळता हा पडून होता. त्याचं श्वसन भिजल्यावर काही मिनिटांत सुरू होतं. प्रकाशापासून अन्न बनवणं त्यानंतर. हवेतला नत्र बांधणं सगळ्यात शेवटी, कधी काही दिवसांनी. यांच्याच गोतावळ्यातला नॉस्टॉक तर हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, कागदावर शंभरहून जास्त वर्षं वाळत पडल्यानंतर पाणी घालून जिवंत झाल्याची नोंद आहे.

हे जमतं ते चिकट थरामुळे. जीवाणू एकेकटे दगडावर बसत नाहीत. ते स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा, थोड्या प्रथिनांचा बुळबुळीत लगदा सोडतात आणि सगळे त्यातच राहतात. ओला असताना या लगद्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दगडाला चिकटायला तोच, पाणी धरून ठेवायला तोच, आणि वाळताना पेशी तडकू नये म्हणून गादीही तोच. वरच्या मजल्यावर प्रकाश खाणारे, त्यांच्या खाली त्यांचं उष्टं खाणारे साधे जीवाणू, आणखी खाली, जिथे हवा पोचत नाही तिथे, हवेशिवाय जगणारे. अर्धा मिलिमीटर जाडीत अख्खी वाडी. यातले बहुतेक आपण बशीत वाढवायला गेलो तर वाढतच नाहीत, त्यामुळे फार वर्षं आम्हाला शेकड्यात एकाचीही ओळख नव्हती. आता त्यांचा डीएनए थेट वाचता येतो म्हणून वाडीतली बाकीची घरं कळायला लागली.

कालवं फोडायला किनाऱ्यावर जाणाऱ्या बायकांना हा लगदा न वाचताच ठाऊक असतो. भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे काळ्या कातळावर एक काळा पट्टा असतो. लांबून तो दगडाचाच रंग वाटतो. तो याच मंडळींचा, आणि ओला असताना साबणाहून निसरडा. मालवणजवळ एका मावशींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पाय काळ्यावर ठेवायचा नाही, खाली चिकटलेल्या पांढऱ्या खरखरीत कवचांवर ठेवायचा. मी माझ्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकामाच्या सूचनांमध्ये अजून तेच वाक्य देतो.

मग दगड खाण्याचं काय? यासाठी जांभा म्हणजे काय ते बघावं लागेल. आपल्या पायाखालचा मूळ दगड काळवत्री, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, आणि ऑक्सिजन अजून पुरता न लागलेलं लोह. त्यावर लाखो वर्षं कोकणचा पाऊस पडला. विरघळण्यासारखं जे जे होतं ते धुऊन समुद्रात गेलं. मागे उरले ते लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड आणि थोडी पांढरी चिकणमाती. हाच जांभा. फ्रान्सिस बुकानन या सर्वेक्षकाने १८०० च्या सुमारास केरळात अंगाडिपुरमजवळ हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं. खाणीतून काढताना मऊ, हवेवर राहिला की कडक, हे तेव्हाही त्याच्या नजरेत भरलं होतं आणि आपल्या चिरेखाणीवरच्या कुणालाही ते सांगावं लागत नाही.

म्हणजे जांभा हा आधीच खाऊन संपलेला दगड आहे. उसाचं चिपाड म्हणा. काळवत्रीवर बसलेल्या जीवाणूला दगडातून काढून घ्यायला कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असं बरंच काही असतं, आणि तो सेंद्रिय आम्लं सोडून, लोह पकडणारे खास रेणू सोडून ते काढतोही. जांभ्यात असं काढण्याजोगं उरलेलं फार कमी. तुमच्या भिंतीवरच्या मंडळींना जेवण वरून मिळतं: ऊन, हवेतला कर्बवायू, हवेतला नत्र, पावसातून आणि धुळीतून येणारं चिमूटभर बाकीचं. दगड त्यांना बसायला पाट आहे.

याच न्यायाने सड्याकडे बघा. पावसाळ्यात सड्यावर सीतेची आसवं जांभळ्या गालिच्यासारखी पसरतात, शेजारी कीटक खाणारा दवबिंदू असतो. हे सगळे भुकेल्या जमिनीचे रहिवासी, मातीत नत्र नाही म्हणून किडे पकडणारे. त्या कातळावर मातीचा पहिला पापुद्रा धरून ठेवणारं आणि त्यात नत्र आणणारं कोण, तर हाच काळा थर. त्यावरून चालताना उन्हाळ्यात करकर आवाज येतो, पण तो मोडला जातोय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तरी जांभ्यातल्या लोहाला हात लावणारे जीवाणू आहेत, आणि ते आपल्याकडे मुबलक आहेत. फक्त ते उन्हातल्या भिंतीवर नसतात. जिथे पाणी साचतं, पालापाचोळा कुजतो आणि हवा संपते, तिथे ते असतात. आपण अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला देतो, म्हणून श्वास घेतो. ऑक्सिजन नसेल तिथे जिओबॅक्टरसारखे जीवाणू तेच इलेक्ट्रॉन गंजलेल्या लोहाला देतात. लोह घन आहे, पेशीच्या आत घेता येत नाही, म्हणून हा व्यवहार पेशीच्या बाहेर, दगडाला टेकून होतो. माझ्या मते गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत सूक्ष्मजीवशास्त्रात उलगडलेल्या गोष्टींमध्ये याच्याइतकी चमत्कारिक फारशी नाही: दगडाने श्वास घेणारा जीव. इलेक्ट्रॉन मिळालेलं लोह विरघळतं आणि पाण्याबरोबर चालू लागतं. चिऱ्यात लाल भागाशेजारी पांढरट-राखी डाग दिसतात, तिथून लोह असंच निघून गेलेलं असतं, आणि त्या जाण्याला जीवाणूंचा हातभार असतो.

निघालेलं लोह जातं कुठे, ते बघायला सड्याखालच्या झऱ्यावर जा. पावसाळा ओसरला की कातळाच्या पायथ्याशी झिरपणाऱ्या पाण्यात नारिंगी, कापसासारखा गाळ दिसतो आणि वर रॉकेल सांडल्यासारखी सप्तरंगी साय. गावात हमखास कुणीतरी म्हणतं की वर कुणी तेल ओतलं. काडी घेऊन ती साय ढवळा. तेल असेल तर काडीमागे पुन्हा एकत्र येईल. जीवाणूंची असेल तर काचेसारखी फुटेल आणि तुकडे सुटे राहतील. हे लेप्टोथ्रिक्स आणि गॅलिओनेला. विरघळलेलं लोह पुन्हा हवेत आलं की ते त्याला गंजवतात. गॅलिओनेलाची तर पिळलेल्या फितीसारखी लोखंडी शेपटी सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसते, एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १८३६ मध्येच तिचं वर्णन केलंय. १८८८ मध्ये विनोग्राडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने लेप्टोथ्रिक्सवर काम करताना मांडलं की अशा जीवाला दगडातल्या रसायनाच्या जळण्यातून शक्ती मिळू शकते, आणि दगड खाणारे जीव ही कल्पना तिथून शास्त्रात रुजली. तुमच्या विहिरीच्या पंपाच्या पाइपात तपकिरी शेंबडासारखा लगदा साचत असेल तर तोही हाच. पिण्याला तो सहसा विषारी नसतो, पाइप मात्र तुंबवतो.

दगडफुलाबद्दल मात्र गवंड्याच्या बाजूने एक शब्द. त्यातली बुरशी तंतू दगडात घुसवते, ऑक्झॅलिक आम्ल सोडते, ओली-सुकी होताना फुगते-आक्रसते आणि दाणा उचकटते. मऊ दगडावर याचं खरं नुकसान होतं. जांभ्यावर ते भोकांमध्ये बसतं आणि वरच्या कणांना थोडं सैल करतं. तरीसुद्धा ते खरवडून काढताना निघणारा दगड हा त्याने वीस वर्षांत काढलेल्या दगडाहून जास्त असतो, हे मी अनेकदा तपासून पाहिलंय. मेलेलं वाटलं तरी ओढू नका.

आता जोत्याजवळचे भुसभुशीत चिरे. त्यांचा फोटो तुम्ही पाठवलाय, त्यात पांढरी भुकटी दिसते आणि खालच्या दोन थरांना सिमेंटचा गिलावा केलेला दिसतो. तुम्ही लिहिलंय की त्या भिंतीला लागून पूर्वी गोठा होता. उत्तर या दोन वाक्यांत आहे.

गुरांच्या मुतात नत्र असतं, त्याचा अमोनिया होतो. जमिनीतले आणि भिंतीतले नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर यांसारखे जीवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हेही विनोग्राडस्कीनेच १८९० च्या सुमारास उलगडलं. नायट्रेट म्हणजे सोरा. बंदुकीच्या दारूसाठी एकेकाळी हिंदुस्थानभर जुन्या गोठ्यांच्या आणि गावठाणातल्या भिंतींच्या मातीतून तो धुऊन काढत. तुमच्या भिंतीत तो अजून बसलाय. पावसाळ्यात जमिनीची ओल वर चढते, क्षार विरघळतात. ऑक्टोबरात भिंत सुकते, पाणी उडतं आणि क्षाराचे स्फटिक दगडाच्या भोकांत वाढतात. वाढणाऱ्या स्फटिकाचा दाब दगडाच्या दाण्यांना सुटं करतो. पुढच्या पावसात पुन्हा विरघळतात, पुन्हा वाढतात. वर सिमेंटचा गिलावा असेल तर पाणी तिथून उडू शकत नाही, ते गिलाव्याच्या वरच्या कडेशी जाऊन उडतं, आणि बरोबर त्याच रेषेत चिरे भुसभुशीत होतात. तुमच्या फोटोत अगदी तीच रेषा आहे. म्हणजे इथे गुन्हेगार जीवाणू आहेतच, फक्त भिंतीवर काळे दिसणारे नव्हेत, तर कधीही न दिसलेले, आणि त्यांनी काम करून चाळीस वर्षं झाली असतील.

समुद्राजवळ हेच काम मीठ करतं. जलदुर्गांच्या समुद्राकडच्या तटबंदीत काही ठिकाणी दगड वाटीसारखा आत खाल्ला गेलाय आणि चुन्याच्या दर्जा मात्र पुढे उभ्या राहिल्यात. जंजिऱ्याला हे नजरेत भरतं. लोक चुन्याचं कौतुक करतात ते योग्यच. पण दगड हरला तो खाऱ्या तुषारांच्या सुकण्या-भिजण्यात. तिथे बसलेला काळा थर त्या खेळात छोटा भिडू आहे. कधी ओल जास्त वेळ धरून ठेवून थोडं नुकसान करतो, कधी पृष्ठभाग बांधून ठेवून थोडा फायदा. दोन्ही बाजूंनी अभ्यास झालेत, आणि दगड कोणता, हवा कशी यावर उत्तर बदलतं. जांभ्याच्या उघड्या, उभ्या भिंतीवर माझं मत थराच्या बाजूने आहे.

हे मत मी फुकट मिळवलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत दक्षिण रत्नागिरीतल्या एका देवळाच्या जांभ्याच्या दीपमाळेवर विश्वस्तांनी आग्रह केला म्हणून मी एक बाजू साफ करून दाखवली होती. आधी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कालवून लावली, मग सौम्य केलेलं म्युरिॲटिक ॲसिड, मग पाण्याचा जोरदार फवारा. संध्याकाळी दीपमाळ नव्या चिऱ्यासारखी तांबडीलाल. जत्रेला सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या पावसानंतर गेलो तर साफ केलेली बाजू बाकीच्या तिन्ही बाजूंपेक्षा जास्त काळी होती. हात फिरवला तर तांबडी भुकटी हाताला लागली. न धुतलेल्या बाजूवर हात फिरवला तर काही लागलं नाही. पुजाऱ्यांनी काही विचारलं नाही, फक्त माझ्या हाताकडे बघितलं.

काय झालं ते नंतर समजलं. ॲसिडने लोहाच्या ऑक्साइडचा वरचा कडक पापुद्रा विरघळवला, म्हणूनच तर ओहोळ पिवळे वाहत होते. हवेवर राहून दगडाने स्वतःला आणलेली कडक साल मी काढून टाकली. दर्जेतल्या चुन्याशी ॲसिड मिळून कॅल्शियम क्लोराइड झालं, ते हवेतली ओल खेचून घेतं. ब्लीचिंग पावडरने आणखी क्षार आत सोडले. फवाऱ्याने भोकं मोठी केली. म्हणजे नव्या जीवाणूंना मी खडबडीत, ओलसर, रिकामी जमीन तयार करून दिली. आणि जुन्या थरातले मेलेले जीव त्यांचं खत झाले.

जंतुनाशकाने काम बिघडल्याचं जगप्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधल्या लास्को गुहेचं. तिथली चित्रं बघायला येणाऱ्या गर्दीच्या श्वासामुळे शैवाल वाढलं म्हणून गुहा १९६३ मध्ये लोकांसाठी बंद झाली. २००१ मध्ये पांढऱ्या बुरशीचा उद्रेक झाला तेव्हा बेंझाल्कोनियम क्लोराइड आणि चुना वापरला. बुरशी हटली, मग काळे डाग आले. नंतरच्या तपासणीत भिंतीवर त्या जंतुनाशकाला दाद न देणारे जीवाणू प्रबळ झालेले आढळले. आपल्याकडे दुकानात 'अल्गी रिमूव्हर' म्हणून जे डबे मिळतात त्यांपैकी बऱ्याच डब्यांत याच जातीचं रसायन असतं.

तर काय करायचं. पाणी कुठून येतं ते शोधा, काळं तिथेच दाट असतं. पश्चिमेची भिंत झडीने भिजते. आपल्या आज्या पावसाळ्यात त्या बाजूला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायच्या, ते फक्त घरात पाणी येऊ नये म्हणून नव्हतं. पागोळ्या भिंतीवर उडत असतील तर पन्हळ लावा आणि तिचं पाणी जोत्यापासून चांगलं लांब सोडा. कौलं सरकली असतील तर आधी ती. उत्तरेच्या भिंतीला लागून केळी-कर्दळी असतील तर त्या दोन हात लांब हलवा, वारा खेळू द्या. एवढ्याने पुढच्या दोन पावसांत काळेपणा निम्मा झालेला मी कित्येक घरांवर पाहिलाय, भिंतीला हात न लावता.

जोत्यावरचा सिमेंटचा गिलावा काढा. हे काम गवंड्याला आवडणार नाही आणि ते सावकाश करावं लागेल. छिन्नी दर्जेत चालवायची, चिऱ्यावर नाही. मग चिरे एक अख्खा उन्हाळा उघडे सुकू द्या. लोणा वर आला की कोरड्या काथ्याच्या ब्रशने झाडून सुपात गोळा करा आणि घरापासून लांब टाका. पाण्याने धुऊ नका, नाहीतर तो परत आत जाईल. असं तीन-चार वेळा करावं लागतं. अगदी पिठासारखे झालेले चिरे बदला, आणि दर्जा चुन्यात भरा, सिमेंटमध्ये नाही. चुना मळणारा गवंडी मिळणं हीच खरी अडचण आहे, हे मान्य. पण राजापूर-लांजा पट्ट्यात जुनी देवळं दुरुस्त करणारी दोन-चार माणसं अजून आहेत, चौकशी करा.

प्लास्टिक पेंट का नको ते आता वेगळं सांगायला नको. भिंतीने ओल बाहेर टाकायची वाट बंद होते आणि रंगाच्या मागे फुगे येतात. रंग हवाच असेल तर चुन्याची सफेदी.

काही जागी मात्र हा थर काढावाच लागतो आणि तिथे मी भावुक होत नाही. विहिरीच्या पायऱ्या, न्हाणीकडे जाणारी फरशी, देवळाच्या पायऱ्या. म्हातारं माणूस घसरून खुब्याचं हाड मोडून घेण्यापेक्षा दगडाचा एक पापुद्रा गेलेला परवडला. तिथेही ॲसिड नाही. ओलं असताना काथ्याच्या ब्रशने आणि जाडसर वाळूने घासा, दर पावसात दोनदा. पूर्वी नारळाच्या सोडणाने घासायचे, ते उत्तमच.

आता कातळशिल्प. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या सड्यांवर अशी शेकड्याने शिल्पं सापडलीत. कशेळीचा हत्ती, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, देवी हसोळ, रुंढे तळी, कुडोपी ही नावं आता लोकांना माहीत झालीत आणि २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीतही गेली. यातली बरीच शिल्पं मातीखाली झाकलेली होती. माती काढली की प्रकाश पोचतो, आणि एक-दोन पावसांत काळा थर बसू लागतो. मुलांना वाटतं घाण झाली.

शिल्प म्हणजे जांभ्याच्या कडक सालीत खोदलेली उथळ चर. काही ठिकाणी खोली दोन बोटंसुद्धा नाही. तारेच्या ब्रशने एकदा जोर लावला की चरीची कड गोल होते. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी येते, तीही घासते. तारेचे बारीक तुकडे भोकांत अडकतात, गंजतात आणि डाग सोडतात. शिवाय कोणत्या चरीत कोणते जीव, किती जाड थर, चरीतला आणि बाहेरचा पृष्ठभाग किती वेगळा, यावरून त्या जागेबद्दल पुढे काहीतरी कळण्याची शक्यता असते. घासलेल्या शिल्पावर ती वाट बंद. फोटोसाठी चरीत खडू, रांगोळी किंवा चुना भरायचीही पद्धत पडलीय. चुन्याने दगडाचं आम्लपण बदलतं आणि तिथे वेगळीच वस्ती येऊन बसते. फोटो हवा असेल तर सकाळी सातला किंवा सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी जा. तिरप्या उन्हात प्रत्येक चरीला सावली पडते आणि आकृती अशी उठून येते की काही भरावं लागत नाही.

मुलांचा उत्साह वाया घालवू नका. शिल्पाभोवती मोकाट गुरं बसू नयेत म्हणून लांबून गडगा घालायला सांगा, चिरे सुटे रचून, सिमेंटशिवाय. गडगा शिल्पाच्या इतका जवळ नको की पावसाचं पाणी आत तुंबेल. सड्यावर पेटवलेला वणवा शिल्पापर्यंत पोचू नये म्हणून जानेवारीत आजूबाजूचं वाळलेलं गवत हाताने कापून घ्या, विळ्याने, फावड्याने नको. आणि चपला काढून चालायला सांगा. देवाधर्मासाठी नाही, काळ्या पापुद्र्यासाठी.

चिकटपट्टीचे नमुने मला पाठवणार असाल तर पावसानंतर दोन कोरडे दिवस जाऊ द्या, ओल्या भिंतीवरचा नमुना पट्टीला धरत नाही. पश्चिमेच्या भिंतीचे दोन, उत्तरेचे दोन आणि चुन्याच्या दर्जेवरचा एक घ्या. शिल्पावर पट्टी लावू नका, शेजारच्या साध्या कातळावर लावा. प्रत्येक पट्टीवर जागा आणि तारीख पेन्सिलने लिहा. पेनाची शाई दमट हवेत पसरते आणि मग कुठला नमुना कुठला, ते मलाही सांगता येत नाही.